तंबाखू ओढायचा पहिला पाईप ब्रायरचा घ्यावा की मीरशॉमचा?

हे ठरवताना दिसण्यावर जाऊ नका, आपल्या हाताची सवय बघा. ब्रायर सुरुवातीला धीर मागतो, मीरशॉम कायम जपणूक मागतो.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाची मुळाजवळची गाठ. लाकूडच ते, कोरं असताना आतून करपू शकतं. म्हणून सुरुवातीला बाउल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, अर्धाच भरायचा, सावकाश ओढायचं आणि आत काजळीचा थर धरू द्यायचा. तो एक-दीड मिलिमीटरचा झाला की पाईप रुळला. त्यापुढे वाढला तर खरवडायचा. पाईप रुळेपर्यंत चव कडवट लागते, आणि पुष्कळ जण इथंच कंटाळतात.

मीरशॉमला रुळवावंच लागत नाही. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्रफेस. (आपल्या वैद्यांचं समुद्रफेन ते हे नव्हे.) हे सेपिओलाइट नावाचं सच्छिद्र खनिज, तुर्कस्तानात एस्किशेहिरच्या आसपास जमिनीखालून काढतात. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या 1 ते 10 च्या मोह्ज मोजपट्टीवर ते जेमतेम 2, नखानंही ओरखडा उठतो. पहिल्याच दिवशी बाउल पूर्ण भरा, काही बिघडत नाही.

काजळी मात्र इथं शत्रू. तापल्यावर तिचा थर आणि खनिज सारखे फुगत नाहीत, त्यामुळे बाउलला चीर जाऊ शकते. दर वेळी पाईप निवला की आतून कागदानं पुसून घ्या. चाकू नको, पाणी ओतणं नको. गरम असताना नळी पिरगाळू नका.

खरी गंमत रंगाची. बाउलला मधमाश्यांचं मेण चढवलेलं असतं. उष्णता आणि धुरानं पांढरा रंग हळूहळू पिवळसर, मग मधासारखा, शेवटी तपकिरी होतो. मात्र मऊ झालेल्या मेणावर बोटांचे ठसे उमटतात, म्हणून तापलेला बाउल धरायचा नाही, पाईप नळीनंच उचलायचा. एवढं पाळणं जमणार नसेल तर मीरशॉम घेऊच नका. घेतलात तर अखंड खड्यातून कोरलेलाच घ्या. चुरा दाबून केलेल्यावर तसा रंग चढत नाही.

तंबाखू सारखी बदलणाऱ्याला मीरशॉम सोयीचा, कारण आधीचा वास त्यात फारसा राहत नाही. ब्रायर तो धरून ठेवतो, शिवाय वाळायला त्याला दिवसभर विश्रांती लागते. धूर दोन्हींतला सारखाच घातक. मीरशॉम सौम्य म्हणून निर्धोक, असं कुणी सांगितलं तर मानू नका.

रोज खिशात टाकून फिरणार असाल तर माझ्या मते ब्रायरच. मीरशॉम फरशीवर पडला तर बहुधा फुटतोच, म्हणून तो त्याच्याच मापाच्या अस्तरवाल्या पेटीत देतात.