व्हिएन्नातील ग्रीक वस्तीची पायी सफर

फ्लाइशमार्क्ट परिसरातील ही दोन तासांची सफर पैसे वसूल करणारी आहे, मात्र आमचा गट मोठा असल्याने मागच्यांना निम्मे ऐकूच येत नव्हते. ग्रीक क्रांतिकारक लेखक रिगास फेरेओसने ग्रीक जगाचा बारा तावांचा नकाशा १७९७ मध्ये याच शहरात छापून पूर्ण केला आणि पुढच्याच वर्षी बेलग्रेडमध्ये ऑटोमन अधिकाऱ्यांनी त्याला ठार मारले, हे सांगताना मार्गदर्शक बाईंनी त्या नकाशाची प्रतच फरसबंदीवर पसरली. अथेन्समधील अकादमीची इमारत ज्या वास्तुविशारद हान्सेनने रचली आणि व्हिएन्नाच्या ज्या सिना घराण्याने तिला पैसा पुरवला, त्याच जोडीचे काम असलेले ऑर्थोडॉक्स चर्चचे विटांचे, सोनेरी मुलाम्याचे दर्शनी रूप दाखवणे मात्र सफरीत घाईघाईत उरकले गेले.