शोवाकान, टोकियो: युद्धकाळातले घर

टोकियोच्या कुदानशिता स्थानकाजवळचे शोवाकान हे राष्ट्रीय संग्रहालय १९९९ साली सुरू झाले. साधारण १९३५ ते १९५५ या काळात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात आणि त्याच्या आगेमागे, जपानी कुटुंबे कशी जगली, एवढाच त्याचा विषय आहे. टोकियोतल्याच निशिकासाई भागातून तोझाई या मेट्रो मार्गाची गाडी थेट तेथे जाते, म्हणून पुण्याहून आलेल्या आईला घेऊन आम्ही गेलो.

पाहण्याची सुरुवात सातव्या मजल्यावरून होते. सैनिक घरातून निघताना हजार स्त्रियांनी एकेक टाका घालून शिवलेला कापडी पट्टा त्याच्या कमरेला बांधत. वाघ हजार कोस जाऊनही घरी परततो अशी समजूत असल्याने, बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातील वाघाच्या वर्षी जन्मलेल्या स्त्रीला आपल्या वयाइतके टाके घालण्याची मुभा असे. त्या पट्ट्यापुढून मला लवकर हलता आले नाही. १९४१ साली मोठ्या शहरांत तांदळाचे रेशन सुरू झाले आणि प्रौढ माणसाच्या वाट्याला दिवसाला सुमारे ३३० ग्रॅम तांदूळ आला. पुढे त्याच्या जागी रताळी आणि सोयाबीनही मिळू लागले. घरातील धातूची भांडी युद्धासाठी जमा झाली आणि त्यांच्या जागी चिनीमातीच्या वस्तू आल्या.

सहाव्या मजल्यावर युद्धानंतरचा काळ आहे, आणि माझ्या मते तो अधिक वेळ देऊन पाहावा. शहरे जळालेली, माणसे उपाशी. तेव्हा बायका पेटीतले किमोनो एकेक करून खेड्यात नेत आणि शेतकऱ्याकडून धान्य आणत. बांबूच्या कोंबाची सालपटे एकामागून एक सोलावीत तसे हे जगणे, म्हणून त्याला तेथे ‘ताकेनोको’ म्हणजे बांबूच्या कोंबाचे जगणे असेच नाव पडले.

हे युद्ध का झाले आणि जपानी सैन्याने इतर देशांतील कुटुंबांचे काय केले, हे प्रश्न येथे विषयाबाहेर राहतात. त्यावर जपानमध्येही टीका झालेली आहे आणि ती मला योग्य वाटते. हे संग्रहालय पाहणाऱ्याने तो इतिहास अन्यत्र अवश्य वाचावा.

संग्रहालय सोमवारी बंद असते. किमान दोन तास हाताशी ठेवावेत. आम्हाला तीन लागले, कारण काळ्या कापडाने झाकलेल्या दिव्यासमोर आई थांबली आणि डिसेंबर १९७१ मध्ये, भारत-पाकिस्तान युद्धातल्या ब्लॅकआउटच्या वेळी, मुंबईच्या चाळीत खिडक्यांना काळे कागद चिकटवताना आजीने खळ कशी शिजवली होती, ते तिने मला प्रथमच सांगितले.