सव्वा महिन्यातल्या सहा गृहभेटी: एका शासकीय सेवेचे परीक्षण

गेल्या वर्षी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि सरकारी रुग्णालयात प्रसूती होऊन तिसऱ्या दिवशी बाळाला घेऊन घरी परतली. त्याच संध्याकाळी आमच्या गावच्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका, खांद्याला पिशवी लावून दारात उभ्या होत्या. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा, आणि घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात भेटी आशाने द्याव्यात, अशी ही 'घरोघरी नवजात बालसेवा' २०११ पासून देशभर सरकारी निधीतून चालते. कुटुंबाकडून एक रुपयाही घेतला जात नाही. ज्या घरात ती सहाही वेळा आली, त्या घरातल्या आजीच्या नजरेतून हे परीक्षण लिहीत आहे.

पहिली भेट उत्तम म्हणावी अशीच झाली. ताईंनी आधी साबण मागून हात धुतले, मग बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन केले, काखेत तापमापक लावला आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास भरले, किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर एक क्षणही घरी थांबायचे नाही, हे त्यांनी मुलीला दोनदा सांगून तिच्याकडून वदवून घेतले. आमच्या थोरल्या जाऊबाई नाळेला लावायला हळद-तेलाची वाटी घेऊनच बसल्या होत्या. "आजी, नाळ कोरडीच राहू द्या, आपोआप गळेल, आणि मधाचं बोटही नको," एवढेच ताई म्हणाल्या, पण अशा स्वरात की जाऊबाईंचा मानही राहिला आणि वाटीही आत गेली. सातव्या दिवशी बाळ नीट ओढत नव्हते, तेव्हा पाऊण तास शेजारी बसून त्यांनी बाळाला छातीशी कसे धरायचे ते शिकवले. त्या पाऊण तासाने वरच्या दुधाचा डबा घरात यायचा टळला, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढच्या भेटी मात्र एकसारख्या झाल्या नाहीत. एकविसाव्या दिवशीची भेट ओट्यावरच पाच मिनिटांत उरकली. त्या दिवशी ताईंच्या डोक्यावर कसले तरी सर्वेक्षण होते आणि तक्ता मात्र पूर्ण भरला गेला. याचा दोष मी त्यांना देत नाही, कारण या सेवेचा पैसा ज्या रीतीने वाटला जातो तिची सावली अशा भेटींवर पडतेच. खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. राज्याच्या खर्चाच्या आराखड्याला, ज्याला कार्यालयांत सगळे 'पीआयपी' म्हणतात, केंद्राची मंजुरी लागते. एवढा प्रवास करून आलेल्या पैशातून आशाच्या हाती एका बाळामागे २५० रुपये पडतात, म्हणजे सहा भेटी धरल्या तर भेटीला बेचाळीस रुपयेही नाहीत. ते मिळण्यासाठी वजनाची नोंद, जन्मनोंदणी आणि ठरलेल्या लसी झालेल्या असाव्या लागतात, शिवाय बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघेही सुखरूप असावे लागतात. आधीच्या अटी शहाणपणाच्याच आहेत. आमच्या नातवाचा जन्मदाखला इतक्या लवकर हाती आला तो ताईंनी जावयांचा पिच्छा पुरवला म्हणूनच. शेवटची अट मात्र मला पटत नाही. ज्या घरी बाळ आजारी पडते तिथेच आशाला सर्वांत जास्त धावावे लागते, आणि बाळ दगावले तर ती सारी धावपळ हिशेबात धरली जात नाही.

या सेवेचे मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन 'आरोग्यदूत' केले, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तिथे जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही आरोग्यदूतच देत असत. देशव्यापी योजनेत आशाच्या हाती इंजेक्शन दिलेले नाही. तिने धोक्याची लक्षणे ओळखायची आणि पुढे पाठवायचे. त्यामुळे रात्री वाहन न मिळणाऱ्या वस्तीवर ही सेवा मूळ प्रयोगाइतकी पुरी पडत असेल, असे मला वाटत नाही.

आम्हाला खरा फटका बसला तो बेचाळिसाव्या दिवसानंतर. आपल्याकडे सव्वा महिन्याचा विटाळ आणि या भेटींचे सहा आठवडे जवळजवळ एकत्रच संपतात, आणि त्यानंतर लेक सासरी जायची तयारी सुरू होते. सरकारने २०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात आणखी पाच भेटी जोडल्या आहेत. त्यांचे आशाला भेटीमागे ५० रुपये मिळतात. परंतु आशा गावाला बांधलेली असते आणि बाळंतीण दोन गावांत वाटलेली. मुलगी तिसऱ्या महिन्यात सासरी गेली, इथल्या ताईंच्या वहीतून तिचे नाव सुटले, तिथल्या आशाला बाळ आल्याचा पत्ताच नव्हता, आणि तिसऱ्या महिन्याची भेट झालीच नाही. पहिलटकरणीला माहेरी पाठवण्याची रीत काही आजची नाही. योजनेचे तक्ते आखताना ती कोणाच्याच ध्यानात कशी आली नाही, याचे नवल वाटते.

ज्यांच्या घरी लेक बाळंतपणाला येणार आहे त्यांनी तिच्या सासरच्या आशाताईंचा दूरध्वनी क्रमांक आधीच मागून ठेवावा, निघण्याच्या आठवडाभर आधी त्यांना कळवावे आणि माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या बॅगेत तळाशी न टाकता हाताशी ठेवावे. आमची मुलगी सहाव्या महिन्यात ते कार्ड घेऊन आपणच उपकेंद्रात गेली, तेव्हा कुठे तिथल्या आशाताई दुसऱ्या दिवशी घरी आल्या. सासूबाईंनी नातवासाठी काढून ठेवलेले वरणाचे पाणी पाहून ताईंनी ते बाजूला ठेवायला सांगितले, आणि चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट वरणभात तूप घालून स्वतःच कालवून दाखवला.