‘चुना मिश्रित’ या दोन शब्दांत मी फसलो

वाईचं आमचं घर पणजोबांनी बांधलेलं. दगडी जोतं, वर भाजक्या विटा, विटांमध्ये माती आणि बाहेरून चुन्याचा गिलावा. आम्ही पुण्याला, त्यामुळे घर बहुतेक बंदच असतं. मागच्या पडवीची पन्हळ दोन पावसाळे फुटकी राहिली आणि माजघराच्या भिंतींना कमरेपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा क्षार, चढला. गेलं की पोपड्यांची पांढरी भुकटी दिवसातून दोनदा झाडावी लागायची.

ओळखीतून एक ठेकेदार मिळाला. "जुन्या वाड्यांचीच कामं करतो साहेब, चुन्याशिवाय हात लावत नाही." दर चौरस फुटाला 160 रुपये, काम 900 चौरस फूट, म्हणजे 1 लाख 44 हजार. 90 हजार उचल दिली. त्याने एक म्हातारे गवंडी आणले आणि देवघराची एक भिंत माझ्यासमोर करून दाखवली. ड्रममध्ये भिजवून मुरवलेला कळीचा चुना, चाळलेली वाळू, गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. म्हातारा थापीने असा हळूहळू ठोकत होता की बघत राहावं. मी खूश होऊन पुण्याला परतलो. ते गवंडी त्यानंतर कुणाला दिसले नाहीत.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फोटो. भिंत, बिगारी, आणि कोपऱ्यात तो एक कान तुटलेला निळा ड्रम. नवव्या दिवशी "काम पूर्ण" असा निरोप आला. मी जाऊन पाहिलं तर भिंती गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र. उरलेले 54 हजार तिथल्या तिथे दिले. तेव्हा डोक्यात यायला हवं होतं की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, त्याचा एक थर धरल्याशिवाय दुसरा देता येत नाही. नऊ दिवसांत तीन खोल्या चुन्यात होतच नाहीत.

ऑगस्टमध्ये भिंतीला पोट आलं. बोटाच्या पेराने वाजवलं तर बद्द असा पोकळ आवाज. जरा दाबलं आणि ताटाएवढा तुकडा हातात आला. पुढून पांढरा, मागून सिमेंटचा करडा, आणि त्या करड्याला आमच्या विटेचं लाल कातडं चिकटलेलं. विटेचा तोंडाचा भाग सोलून निघाला होता. लोणा आता कमरेला नव्हता, खांद्यापर्यंत पोचला होता.

जुन्या भिंतीला जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. ती जमिनीतलं पाणी पिते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की पाणी वर चढत जातं, आणि त्यातले क्षार आतल्या आत स्फटिक होऊन मऊ वीट फोडतात. तरी बरं, पन्हळ मी नंतर स्वतः बदलून घेतली. ठेकेदाराने एकदाही मान वर करून छपराकडे पाहिलं नव्हतं, हीच खरं तर पहिली खूण.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, सिमेंट नव्हतं म्हणतोस? मग मी सरपणावर काय झाकलंय?" त्यांनी परसातून उचललेल्या रिकाम्या गोण्या मोजल्या. सतरा. फोटो पुन्हा काढून बघितले. पहिल्या दिवशी ड्रम काठोकाठ, नवव्या दिवशीही काठोकाठ. चुना न लावता चुना लावला, हा विनोद घरात सगळ्यांचा करून झालाय, तुम्ही नका करू.

ठेकेदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "चुना घातलाय की साहेब. कागद बघा." कागदावर होतं ‘चुना मिश्रित प्लास्टर’. घमेल्यात मूठभर टाकला तरी मिश्रित! वकील मित्राचं म्हणणं, ग्राहक आयोगात जाता येईल, पण हा शब्द त्याला पळवाट देतो. कागदावर ‘सिमेंट अजिबात नाही’ असं लिहून घेतलं असतं आणि उरलेले पैसे एक पावसाळा हातात ठेवले असते, तर गोष्ट वेगळी होती. दुसऱ्या दिवशी खिळ्याने ओरखडा काढून बघायला तर पैसेही लागत नाहीत. चुना तेव्हा सहज खरवडतो, सिमेंट दगड झालेलं असतं.

या उन्हाळ्यात सगळं सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढून भिंती उघड्या सुकवल्या. देवघराची ती एक भिंत तेवढी जशीच्या तशी आहे. नवीन गवंडीमामांनी पडवीतल्या निळ्या ड्रमचं झाकण काढलं. वर वीतभर पाणी, खाली वर्षभर मुरलेला चुना. बोट घालून म्हणाले, "लोण्यासारखा झालाय. बाजारात मिळायचा नाही असला. कुणी भिजवला?"

मी काहीच बोललो नाही. काम त्याच चुन्याने सुरू झालंय.