बॉडी बदलावी की लेन्स? नाटकाचे फोटो आणि ८५ एमएम एफ/१.८

नाटकाचे फोटो काढत असाल, हातातली क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरची बॉडी जुनी पण धडधाकट असेल आणि तिच्यावर अजून सोबत आलेली किटचीच लेन्स असेल, तर आधी लेन्स घ्या. बॉडीचं नंतर बघता येईल. निकॉनची एएफ-एस ८५ एमएम एफ/१.८जी ही लेन्स रंगमंचासमोर भरपूर वापरून मी हे सांगते आहे (एफ/ नंतरचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त उजेड येतो).

माझी बॉडी निकॉन डी७२००. २०१५ मध्ये आलेलं मॉडेल, २४ मेगापिक्सेल, डीएक्स (निकॉनचा क्रॉप) सेन्सर, सोबत १८-१४० ची किट लेन्स. मी फोर्टला बँकेत नोकरी करते, घर मुलुंडला. सुटीचे दिवस आणि बऱ्याचशा संध्याकाळी हौशी आणि प्रायोगिक संस्थांच्या तालमींत, एकांकिकांत जातात. या मंडळींकडे फोटोसाठी वेगळे पैसे नसतात. सेट टेम्पोत घालून न्यायचा खर्चसुद्धा वर्गणी काढून निघतो. पण पोस्टरला फोटो लागतो, स्पर्धेच्या प्रवेशिकेला लागतो, पेपरात चार ओळी आल्या तर त्यांच्या शेजारी लागतो. तो चांगला असावा असं मला मनापासून वाटतं, कारण पुष्कळ एकांकिका मोजक्या प्रयोगांत थांबतात आणि मग त्यांचं जे काही उरतं ते या फोटोंतच.

अडचण उजेडाची. लग्नमुंजीत अंधार असला तर फ्लॅश मारता येतो, इथे फ्लॅश वर्ज्य. प्रकाशयोजना करणाऱ्याने विचार करून अर्धा चेहरा काळोखात ठेवलेला असतो, तो तसाच दिसायला हवा. किट लेन्स लांबच्या टोकाकडे झूम करत नेली की ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ/५.६ वर येतं. मग आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) ६४०० लावूनही शटर सेकंदाच्या १/६० च्या वर जात नाही. नट उभा राहून बोलत असेल तर १/६० चालून जातं, पण तो वळला किंवा त्याने हात उचलला की फोटो गेला. लेन्समधलं व्हीआर (स्टॅबिलायझेशन) इथे उपयोगाचं नाही. ते आपल्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. मिररलेसच्या (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याच्या) बॉडीत असलेल्या स्टॅबिलायझेशनचंही तेच, आणि ‘बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे’ एवढ्यावर भुलून पैसे घालणारे बरेच भेटतात म्हणून हे मुद्दाम लिहिते.

ओळखीतले बहुतेक सगळे म्हणत होते, आता फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस घे. एकाने डी७५०० सुचवला. डी७५०० चा सेन्सर डी७२०० एवढ्याच आकाराचा. वेग जास्त, स्क्रीन वर-खाली होतो, आणि हायलाइट-वेटेड मीटरिंग (सगळ्यात उजळ भाग सांभाळून उजेड मोजणं) आहे, ते काळ्या पडद्यासमोरच्या प्रखर प्रकाशात खरंच कामाला येतं. पण कार्डाचा खाच एकच. प्रयोग पुन्हा होईलच असं नसताना एका कार्डावर भरवसा टाकायला मी तयार नव्हते. तो विचार तिथेच संपला.

फुलफ्रेमचा विचार मात्र कागद-पेन घेऊन केला, आणि तो इथे सविस्तर मांडते, कारण हा हिशोब दुकानात कोणी करून दाखवत नाही.

फुलफ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ निकॉनच्या डीएक्स सेन्सरच्या साधारण सव्वादोनपट. म्हणजे त्याच ॲपर्चरला, तीच फ्रेम धरून, एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा जास्त फायदा. नव्या सेन्सरची प्रगती त्यात मिळवली तरी आकडा फार वाढत नाही. आता लेन्सचं बघा. एफ/५.६ वरून एफ/२ वर आलं की पूर्ण तीन स्टॉप मिळतात, एफ/१.८ वर त्याहून थोडे जास्त. तीन स्टॉप म्हणजे आठपट उजेड. वरचाच प्रसंग घेतला तर १/६० च्या जागी १/२५० शटर मिळतं आणि शिवाय आयएसओ ६४०० वरून ३२०० वर उतरतो. नटाचा हात हातासारखा दिसतो आणि सावलीतला करडा कचराही (नॉइज) कमी होतो.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. फुलफ्रेमवर गेलं की फ्रेम रुंदावते. डी७२०० वर ८५ एमएम जेवढं जवळ आणते तेवढंच फुलफ्रेमवर हवं असेल तर सुमारे १२७ एमएम लागते. बॉडीसोबत मिळणारी २४-७० एफ/४ तिथे पोचतच नाही. २४-२०० एफ/४-६.३ पोचते, पण तिथवर जाता जाता ती एफ/६ च्या घरात गेलेली असते. म्हणजे मोठ्या सेन्सरने दिलेल्यातला वाटा लेन्सने परत घेतला. खरा बदल हवा तर ७०-२०० एफ/२.८ घ्यावी लागते. बॉडी अधिक ती लेन्स, असा खर्च कित्येक लाखांत जातो, आणि झेड माउंटच्या (निकॉनच्या मिररलेससाठीच्या) ७०-२०० एफ/२.८ चं वजन ट्रायपॉड कॉलरसकट १४४० ग्रॅम.

आता ८५ ची तुलना थेट तिच्याशीच करा. डीएक्सवर ८५ एमएम एफ/१.८ म्हणजे सेन्सरवर पडणाऱ्या एकूण उजेडाच्या हिशोबात फुलफ्रेमवर १२७ एमएम एफ/२.७. म्हणजे एका ठरावीक फ्रेमपुरती ही ३५० ग्रॅमची लेन्स माझ्या जुन्या बॉडीवर त्या सगळ्या खटाटोपाच्या बरोबरीला उभी राहते. झूम मिळत नाही, हे खरं. पण उजेड तेवढाच मिळतो.

तरीही घेण्याआधी अंधेरीतल्या एका दुकानातून शनिवार-रविवारसाठी दोन्ही भाड्याने आणल्या: एक फुलफ्रेम मिररलेस बॉडी २४-१२० एफ/४ सह, आणि ही ८५. आधारची प्रत आणि डिपॉझिट, एवढंच लागलं. लाखाच्या घरातली वस्तू घेताना हा थोडासा खर्च प्रत्येकाने करावा. एकाच एकांकिकेच्या रंगीत तालमीत दोन्ही वापरल्या.

मिररलेसची एक गोष्ट मनात भरली, ती म्हणजे शांतता. इलेक्ट्रॉनिक शटरला आवाजच नाही. डी७२०० ला ‘क्यू’ (कमी आवाजाचा) मोड आहे, पण त्यातही आरसा हलतोच, आणि नाटकातल्या एखाद्या दीर्घ विरामात तो आवाज चौथ्या रांगेपर्यंत जातो. नटाचं लक्ष उडू शकतं, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाचा रसभंग होतो. म्हणून मी प्रयोगाच्या वेळी फोटो काढणं जवळपास टाळते आणि रंगीत तालमीतच काम उरकते. ही मर्यादा लेन्स बदलून जात नाही, ती बॉडीचीच आहे.

पण त्याच तालमीत, निळा प्रकाश आला त्या प्रवेशात, फोटोंवर आडवे पट्टे आले. कारण असं: एलईडी दिवा मंद करताना तो अतिशय वेगाने उघडझाप करत असतो. यांत्रिक शटरचा पडदा सेकंदाच्या काही हजाराव्या भागात सेन्सर ओलांडतो, तर साध्या सेन्सरवरचं इलेक्ट्रॉनिक शटर ओळीओळीने वाचत जातं आणि त्याला कितीतरी पट वेळ लागतो. तेवढ्यात दिवा अनेकदा चालू-बंद झालेला असतो. जुन्या हॅलोजनच्या पार कॅन दिव्यांवर हे होत नाही, कारण तार एवढ्या लवकर थंड होत नाही. आता बहुतेक नाट्यगृहांत आणि भाड्याच्या सामानात एलईडी आले आहेत, त्यामुळे शांत शटरसाठी बॉडी घ्यायची तर झपाट्याने वाचणारा सेन्सर हवा: झेड ८ चा स्टॅक्ड, किंवा २०२४ च्या झेड ६ थ्रीचा अर्धवट स्टॅक्ड. ते आज माझ्या आवाक्यात नाही, आणि अर्धं काम करणाऱ्या बॉडीत पैसे अडकवायचे नव्हते. ८५ घ्यायचं ठरलं.

ती मी सेकंडहँड घेतली, सीएसएमटीजवळ बोरा बाजारात. दुकानदाराने आधी जुनी ८५ एफ/१.८डी पुढे ठेवली. “ताई, हीच घ्या ना, काच तीच, पैसे वाचतील.” काच तीच नाही, डी मध्ये सहा गटांत सहा घटक आहेत, २०१२ च्या जी मध्ये नऊ गटांत नऊ. पण माझं कारण वेगळं होतं. डी प्रकारच्या लेन्समध्ये मोटर नसते, बॉडीतली मोटर स्क्रूने ती फिरवते. डी७२०० मध्ये ती मोटर आहे, त्यामुळे लेन्स चालते, पण फिरताना घरघरते. नाट्यगृहात ती नको. शिवाय पुढे झेड बॉडी घेतली तर निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरवर एएफ-एस (आत मोटर असलेल्या) लेन्सचा ऑटोफोकस चालतो, डी चा चालत नाही. बॉडी आज ना उद्या बदलणार, लेन्स मात्र तिच्यावरही चालली पाहिजे, हे घेताना डोक्यात ठेवा.

मुंबईत वापरलेली लेन्स घेताना पहिला शत्रू बुरशी. इथला जून ते सप्टेंबर कुठल्याही काचेला सोसत नाही. मागचं झाकण काढायचं, माउंटजवळची छोटी पट्टी बोटाने दाबून ॲपर्चरची पाती उघडायची आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरपा मारून आत बघायचं. बारीक पांढरे धागे किंवा कडेला ढगासारखा डाग दिसला की लेन्स परत ठेवायची, मग किंमत कितीही उतरो. धूळ चालते, पाच-दहा कणांनी काही बिघडत नाही. पाती झटक्यात मिटतात का ते बघायचं, तेलकट झाली असतील तर आळसतात. मग बॉडीवर लावून जवळून दूर फोकस फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचं. मोटर किंचाळली तर नाही घ्यायची. मला हूड आणि दोन्ही झाकणांसकट साधारण २२ हजारांत मिळाली. आता ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत राहते, डब्यात आर्द्रता दाखवणारी छोटी डिजिटल डबी आहे, आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवते.

घरी आल्यावर पहिलं काम एएफ फाइन ट्यून, म्हणजे ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती. डीएसएलआरमध्ये (डी७२०० सारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात) फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि फोटो टिपणारा वेगळा, त्यामुळे दोघांत थोडा फरक पडू शकतो. एफ/५.६ वर तो लपून राहतो, एफ/१.८ वर उघडा पडतो. तीन मीटरवरून एफ/१.८ ला स्वच्छ फोकसचा पट्टा जेमतेम नऊ सेंटीमीटर असतो, म्हणून तपासायचं याच अंतरावर, ट्रायपॉडवर, तिरपी पट्टी ठेवून. सेटिंग कॅमेरा लक्षात ठेवतो, एकदाच करायचं.

‘एवढ्या उघड्या ॲपर्चरला दोघांपैकी एकच नट फोकसमध्ये येईल’ ही भीती मला अनेकांनी घातली होती. रंगमंचावर ती खरी ठरत नाही. दहा मीटरवरून एफ/२ ला तो पट्टा एक मीटरहून थोडा मोठा होतो. संवाद करणारी दोन माणसं आरामात मावतात. त्याच अंतरावर आडव्या फ्रेममध्ये पावणेतीन मीटरची रुंदी येते, म्हणजे दोन-तीन पात्रं. कॅमेरा उभा धरला की पायापासून डोक्यापर्यंत माणूस, वर मोकळी जागाही. संपूर्ण सेट हवा तर ८५ चा उपयोग नाही. त्यासाठी माझ्याकडे ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स आधीपासून आहे, ती पर्समध्येही मावते.

जागा निवडणं मात्र शिकावं लागतं. दादरच्या शिवाजी मंदिरसारख्या मोठ्या नाट्यगृहात मी पाचव्या-सहाव्या रांगेच्या कडेला बसते, मध्यभागी नाही. कडेने पात्रांमधलं अंतर आणि नजरेचा खेळ जास्त दिसतो. मॅन्युअल मोड, स्पॉट मीटरिंग (ठिपक्याएवढ्या भागाचाच उजेड मोजणं) चेहऱ्यावर, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल. मॅट्रिक्सवर (सगळ्या फ्रेमचा उजेड मोजण्यावर) सोडलं तर मागचा काळा पडदा बघून कॅमेरा चेहरे पांढरेफटक करतो. फोकससाठी मधले पंधरा क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे) बिंदूच वापरते, अंधारात तेच विश्वासाचे. आणि कॅमेऱ्याचा एएफ-असिस्ट दिवा बंद करायला विसरू नका, नटाच्या डोळ्यांत जातो.

लेन्सच्या उणिवांपैकी जाणवणारी एकच: एफ/१.८ ला काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या धोतराच्या किंवा साडीच्या काठाला जांभळी-हिरवी छटा येते. सॉफ्टवेअरमध्ये बरीच जाते, एफ/२.८ पर्यंत बंद केलं की फारच कमी होते. मी बहुतेक एफ/२ वर असते आणि त्यात मला अडचण वाटत नाही. चेहऱ्यावरचा घाम, रंगभूषेची रेघ, डोळ्यातला एका दिव्याचा ठिपका, हे सगळं स्पष्ट उतरतं, आणि पोस्टरच्या आकारात छापलं तरी टिकतं. किट लेन्सने काढलेला एकही फोटो मी त्या आकारात द्यायला धजले नव्हते.

तुमचं काम मोठ्या नाट्यगृहाऐवजी शाळेच्या वर्गात, छोट्या हॉलमध्ये, पहिल्या रांगेपासून हातभर अंतरावर चालणाऱ्या प्रयोगांत असेल तर ८५ लांब पडेल. तिथे ५० एमएम एफ/१.८जी घ्या. १८५ ग्रॅम वजन, किंमत बरीच कमी, आणि उजेडाचा हिशोब अगदी हाच.