जुन्या फुटबॉल जर्सी रोज वापरल्या, त्याचा अनुभव

जुन्या जर्सी जमवणारे बहुतेक जण त्या घालत नाहीत. फ्रेम करतात, कपाटात ठेवतात, फोटो काढतात. मी गेले कित्येक महिने माझ्याकडच्या जर्सी आलटूनपालटून रोजच्या वापरात ठेवल्या आहेत. त्यांत खेळत नाही, पण फिरायला जाताना, कामावर, घरी त्याच अंगात असतात. कापड कसं टिकतं, छपाई किती तग धरते, आणि ज्या आठवणीसाठी जर्सी घेतली ती आठवण घातल्यावर खरंच येते का, हे आता खात्रीने सांगता येईल.

सर्वांत जास्त घातली ती क्रोएशियाची १९९८ ची जर्सी. कंपनी लोट्टो. पांढऱ्यावर लाल चौकडी, पण सरळ रेषेत नाही, झेंडा फडकल्यासारखी लहरत जाणारी. सेकंडहँड घेतली तेव्हा कॉलर थोडी पिवळटलेली होती, बाकी रंग शाबूत. चौकडी सब्लिमेशनने, म्हणजे शाई धाग्यातच मुरवून छापलेली असल्यामुळे इतक्या धुण्यांनंतरही सुटलेली नाही की भेगाळलेली नाही. कापड मात्र जाड पॉलिएस्टर. त्या काळात मापं ऐसपैस असायची, त्यामुळे नेहमीपेक्षा एक माप लहान घेतलं तरी मला ती सैलच होते. उन्हात घालण्यासारखी ती नाही.

पण ही जर्सी अंगावर चढली की तो सेमीफायनल जसाच्या तसा समोर येतो. स्वतंत्र देश म्हणून क्रोएशियाचा तो पहिलाच वर्ल्ड कप. समोर यजमान फ्रान्स. दुसरं सत्र सुरू होताच क्रोएशियाच्या शुकेरने गोल केला आणि आमच्या घरात आरडाओरडा झाला. तो थांबायच्या आत फ्रान्सच्या लिलियान थुरामने बरोबरी साधली, आणि पुढे दुसरा गोलही त्यानेच मारला. १४२ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या या बचावपटूचे देशासाठी एकूण गोल दोनच, आणि दोन्ही त्याच संध्याकाळी, आमच्या क्रोएशियावर! मला ते अजूनही पचत नाही. शुकेर सहा गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला, संघ तिसरा आला, तरी जर्सी घातल्यावर आधी आठवतो तो थुरामच.

दादाचं तसं नाही. त्याने ही जर्सी माझ्या अंगावर पाहिली आणि पहिलं नाव काढलं ते लॉरां ब्लांचं. त्याच सामन्यात क्रोएशियाच्या बिलिचला ढकलल्याबद्दल फ्रान्सच्या ब्लांला लाल कार्ड मिळालं आणि त्याचा वर्ल्ड कप फायनल हुकला. बिलिच ज्या तऱ्हेने तोंड धरून खाली पडला, त्याचा राग दादाच्या मनात आजही तेवढाच ताजा आहे. एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर बसून आम्ही सामना पाहिला, आणि दोघांच्या मनात दोन वेगळे सामने राहिले. इतकी वर्षं आम्ही त्यावर बोललोच नव्हतो. जर्सी कपाटात असती तर बोललोही नसतो. वापरण्याचा मला सापडलेला सर्वांत मोठा फायदा हाच: तुमच्या अंगावरची जर्सी समोरच्याची आठवण बाहेर काढते. अनोळखी माणसंसुद्धा थांबून विचारतात, आणि बोलायला लागली की बराच वेळ थांबत नाहीत.

दुसरी जर्सी पश्चिम जर्मनीची, छातीवरून काळा-लाल-सोनेरी पट्टा दुमडत जातो ती. इना फ्रान्झमान यांचं हे डिझाइन १९८८ च्या युरो स्पर्धेत आणि १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये संघाच्या अंगावर होतं. माझ्याकडची मूळ नाही, नंतर काढलेली अधिकृत पुनरावृत्ती आहे. कापड मूळ जर्सीपेक्षा मऊ, शिवण नीट, आणि इतक्या वापरानंतरही तक्रारीला जागा नाही. रोममधला १९९० चा फायनल, ८५ व्या मिनिटाला ब्रेमेने पेनल्टीवर मारलेला एकमेव गोल, हे सगळं मी बाबांकडून ऐकलेलं. त्यामुळे माझं मत असं झालंय की ऐकीव आठवणीसाठी पुनरावृत्ती पुरते. स्वतः पाहिलेल्या सामन्यासाठी मात्र मूळ जर्सीच शोधावी. तिचं वजन, कापडाचा खरखरीतपणा, कॉलरची घडी या गोष्टी नव्या कापडात येत नाहीत.

मँचेस्टर युनायटेडची करडी जर्सीही माझ्याकडे आहे. एप्रिल १९९६ मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध मध्यंतराला ०-३ ने मागे पडल्यावर संघाने ती उतरवून निळी-पांढरी चढवली. खेळाडूंना एकमेक दिसत नव्हते, असं कारण दिलं गेलं. दुसऱ्या सत्रात एक गोल फेडला, सामना १-३ ने गेलाच. त्या रंगात संघ एकही सामना जिंकला नाही. लोक विचारतात की हरलेली जर्सी कशाला घेतलीस? कारण त्या मोसमाची विजेतेपदाची गोष्ट सगळ्यांनाच माहीत आहे, आणि ही जर्सी त्याच मोसमातली वाईट दुपार जपून ठेवते. संग्रहात पराभव हवेतच. ब्राझीलचा पिवळा रंगसुद्धा १९५० च्या वर्ल्ड कपमध्ये माराकाना स्टेडियमवर झालेल्या पराभवातूनच आला: त्या दिवशीची पांढरी जर्सी नकोशी झाली, १९५३ मध्ये एका वर्तमानपत्राने स्पर्धा घेतली आणि आल्दिर गार्सिया श्ली या तरुणाचं डिझाइन निवडलं गेलं.

ओरिजिनल ओळखण्याबद्दल थोडं. साधारण गेल्या वीसेक वर्षांतल्या मोठ्या ब्रँडच्या जर्सीत आतल्या शिवणीत छोटा टॅग असतो, त्यावर उत्पादनाचा कोड. तो कोड इंटरनेटवर शोधून बघा. दुसराच रंग किंवा भलतीच वस्तू समोर आली तर घेऊ नका. एका विक्रेत्याने मला टॅगचा फोटो पाठवायला टाळाटाळ केली, तिथेच तो सौदा संपला. पण वाकडं बोधचिन्ह दिसलं की लगेच नकली ठरवू नका. १९८६ च्या वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाने घातलेल्या निळ्या जर्सी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून ऐनवेळी आणल्या होत्या, कारण आधीच्या जर्सी त्या उष्णतेत जड होत होत्या. बोधचिन्हं घाईघाईत शिवली, पाठीवर अमेरिकन फुटबॉलचे चंदेरी आकडे चिकटवले. त्यातलीच मॅराडोनाची जर्सी २०२२ मध्ये ७१ लाख पौंडांना विकली गेली.

धुण्याचं पथ्य पाळलं तर वापरून जर्सी खराब होत नाही, हे मी आता ठामपणे सांगते. उलटी करून गार पाण्यात धुवा. सॉफ्टनर टाकू नका, तो पॉलिएस्टरच्या धाग्यावर थर धरतो आणि घाम शोषला जात नाही. ड्रायर नाही, कडक ऊन नाही, छपाईवर थेट इस्त्री तर नाहीच. घालून झाल्यावर लगेच धुवा, कारण पॉलिएस्टरमध्ये वास सुती कपड्यापेक्षा जास्त बसतो. ठेवताना छपाईवर छपाई येईल अशी घडी नको, मध्ये पातळ कागद घाला. जुनी व्हिनाइल अक्षरं चिकट होऊन एकमेकांवर उमटतात. प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा सुती पिशवी बरी. तारेच्या हँगरने खांदे ओघळतात. मखमली स्पर्शाची फ्लॉक छपाई सर्वांत नाजूक, ती हातानेच धुवावी.

आजच्या जर्सी घेणार असाल तर ‘प्लेअर’ आवृत्तीच्या, म्हणजे खेळाडू मैदानात घालतात तशा जर्सीच्या, नादी लागू नका. ती हलकी आहे, पण अंगाला घट्ट बसते आणि तिचं बोधचिन्ह उष्णतेने चिकटवलेलं असतं. माझ्या जर्सीवर त्याच्या कडा उचलायला लागल्या आहेत. चाहत्यांसाठीच्या साध्या रेप्लिकावरचं भरतकामाचं बोधचिन्ह तेवढ्याच वापरानंतर नव्यासारखं आहे.

सध्या शोध चालू आहे तो डेन्मार्कच्या १९८६ च्या हुमेल जर्सीचा, अर्ध्या अंगावर वेगळा रंग असलेल्या. कोपर फाटलेली, डागाळलेली चालेल. छातीचं माप माझ्या अंगाला बसेल एवढीच अट आहे, कारण तीही घालणारच आहे.