स्लिंटची 'स्पायडरलँड': एका पावसाळ्याच्या वापरानंतर

फोंड्याच्या आमच्या घरात तबकड्या आहेत त्या मुख्यतः नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या. त्यांत गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर अमेरिकेतील लुइव्हिल शहरातल्या 'स्लिंट' या बँडची 'स्पायडरलँड' येऊन बसली. १९९१ साली 'टच अँड गो' या ध्वनिमुद्रिका कंपनीने ती प्रसिद्ध केली, तोवर बँड मोडलेलाही होता. आणि ज्या 'पोस्ट-रॉक'च्या (रॉकचीच वाद्ये घेऊन गाण्यापेक्षा नादाच्या पोतावर भर देणाऱ्या शैलीच्या) मुळाशी ही तबकडी आहे असे आज मानले जाते, ते नाव सायमन रेनल्ड्स या समीक्षकाने रूढ केले ते १९९४पासून.

एकूण सहा रचना, वेळ चाळीस मिनिटांच्या आत. आरंभी मी गिटारींचा कल्लोळ कधी उसळतो याकडेच लक्ष ठेवून ऐकत असे. आता त्याआधीचा संथ, जवळजवळ रिकामा भागच अधिक ऐकावासा वाटतो. 'डॉन, अमन'मध्ये ड्रम मुळीच नाहीत, गिटारी आणि कुजबुजल्यासारखे बोलणे एवढेच आहे, तरीही लय क्षणभरही सुटत नाही. 'वॉशर' जवळजवळ नऊ मिनिटे चालते आणि तिच्यातील तणाव इतक्या सावकाश चढतो की तो नेमका कोठे सुरू झाला हे अजूनही मला बोट ठेवून सांगता येत नाही. विलंबित ख्यालात समेवर येण्याची घाई न करणारा गायक ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा संयम परका वाटणार नाही.

प्रभावाविषयी बोलायचे तर ग्लासगोच्या 'मोग्वाय' या बँडवर या तबकडीची छाप स्पष्ट ऐकू येते, आणि स्लिंटचा गिटारवादक डेव्हिड पाहो पुढे शिकागोच्या 'टॉर्टॉइज' या बँडमध्ये वाजवू लागला. मात्र नंतरच्या बऱ्याच बँडांनी आधी हळू, मग जोरात एवढा साचा उचलला. दोन स्वरांमधली जागा मोकळी ठेवण्याचे धाडस फारच थोड्यांनी दाखवले, असे माझे मत आहे.

गैरसोयीही आहेत. बोललेला मजकूर मुळातच वाद्यांच्या खाली दबलेला आहे, त्यामुळे जुलैत कौलांवर पाऊस कोसळत असताना पहिली बाजू हेडफोनशिवाय लावण्यात अर्थ नाही. खाणीच्या पाण्यातून वर आलेली चार डोकी दाखवणारे, विल ओल्डहॅमने टिपलेले मुखपृष्ठाचे छायाचित्र कृष्णधवल आहे, आणि आपल्या दमट हवेत पुठ्ठ्यावर बुरशीचे ठिपके पडले की त्यावर ते लगेच दिसतात. म्हणून तबकडी प्लास्टिकच्या आतील पाकिटात आणि पुठ्ठा सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या कपाटात, असे दोन्ही वेगवेगळे ठेवावे.

ही आवडल्यास स्लिंटचीच १९८९ची 'ट्वीझ' घ्यावी का? स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केलेली ती तबकडी अधिक खट्याळ आणि विस्कळीत आहे. मी ती ऐकली, पण विकत घेतली नाही.